रस्त्याची डावी कड

११ फेब्रुवारी

प्रिय ताई,

निघताना तुम्ही बजावलं होतंत, फोन करू नका, पत्र लिहा. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून लोकांची बोलणी जोडली, आता रिसीव्हर हातातसुद्धा नको म्हणून. मलाही पत्रच बरं. फोन यांच्या खिशात असतो आणि गाडीत मोठ्यानं बोललं की भांडीसुद्धा ऐकतात.

तर तुमच्या बंधूंची गोगलगाय चालू लागली. हसू नका, नाव तुम्हीच ठेवलंत. डेपोनं मोडीत काढलेली एवढीशी बस, पण आत आलात तर ओळखणार नाही. मागं पलंग, त्याखाली कपडे, मधे हातभर ओटा, शेगडी आणि बेसिन. पडदे मी शिवले. हॉस्पिटलच्या शिवणखात्यात इतकी वर्षं पांढऱ्या चादरीच शिवल्या, म्हणून इथं हट्टानं भडक पिवळं कापड घेतलं. हे म्हणतात हळद सांडल्यासारखं दिसतं.

हे खुशीत आहेत. स्टिअरिंगवर बसले की एसटीच्या ड्रायव्हरकीतून निवृत्त झालेत असं वाटत नाही. फक्त या गाडीची अजून सवय नाही म्हणतात. पेट्रोल पंपाच्या खांबानं आपला डावा आरसा नेला. यांचं म्हणणं, खांबच चुकीच्या जागी होता. ओट्याचा कोपरा रोज मांडीला लागतो, पाय निळा पडलाय. आणि काल एका सायकलवाल्यावर असे खेकसले, कुठून उगवला म्हणून. तो बिचारा बराच वेळ आमच्या शेजारनंच चालला होता, मी खिडकीतून त्याच्या टोपीकडे बघत होते.

पण एक सांगते. दिवस कलला की हे गाडी थांबवतात. म्हणतात, संध्याकाळ काचेतून नाही, बाहेर खुर्ची टाकून बघायची असते. लग्नाला एवढी वर्षं झाली, हा माणूस कधी माझ्याबरोबर संध्याकाळी बसला नव्हता. त्या वेळी कायम ड्यूटी. आता बसतो. मला तेवढंच पुरे आहे.

पुढच्या मुक्कामाच्या पोस्टाचा पत्ता मागे लिहिलाय.

तुमची,
वहिनी

२० फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

तू वयानं लहान, पण तुला वहिनीच म्हणायची सवय लागली ती लागली.

तुझं पत्र वाचून हसले. मग भिंग घेऊन दुसऱ्यांदा वाचलं आणि हसू गेलं.

आमच्या बाबांना काचबिंदू होता. मला आहे. छोटूला मी सांगून सांगून थकले की डोळे दाखवून ये, आपल्या रक्तात आहे ते. त्याचं उत्तर ठरलेलं: लांबची पाटी वाचतो की मी. अगं, पाटी मीही वाचते. सुईत दोरा ओवते. हे पत्र मीच लिहितेय. हा आजार समोरचं शेवटी नेतो, आधी कडा खातो. आणि खाल्लेलं कळत नाही. तिथं काळोख दिसत नाही, तिथं काही नसतंच. दाराची चौकट खांद्याला लागते तेव्हा समजतं की चौकट होती.

आरसा, मांडी, सायकलवाला. आणि संध्याकाळ बघायची हौस. उजेड कमी झाला की आम्हाला आधी भिंती, मग माणसं दिसेनाशी होतात. माझ्या भावाला ओळखते मी, तो सूर्यास्त बघणाऱ्यांतला नाही. तुझं सुख हिरावून घ्यायचं नाहीये मला, पण लिहायला हवं.

त्याला समोर बसव. एक डोळा झाकायला सांग, दुसऱ्यानं तुझ्या नाकाकडे बघू दे. मग तुझा हात कानामागून हळूहळू पुढे आण आणि विचार, कधी दिसला. दोन्ही बाजूंनी. कळव.

ताई

४ मार्च

प्रिय ताई,

तुम्ही सांगितलंत तसं केलं. सगळं ठीक आहे. यांनी लगेच ओळखलं, हसले, म्हणाले ताईला घरी बसून दुसरा उद्योग नाही. परवानाही मुदतीत आहे. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

आम्ही एका तळ्याकाठी थांबलो होतो. पाणी इतकं स्थिर की गाडीचं प्रतिबिंब पडलं होतं, पिवळ्या पडद्यांसकट. शेजारी एक जोडपं तंबू ठोकून होतं, त्यांना मी चहा दिला.

मी आता पुढेच बसते. विणकाम बंद केलं, मान दुखते. रस्ता बघायला मजा येते. मी आपली बोलत असते, डावीकडून गाय आली, पुढे पोरं आहेत, पुलाचा कठडा जवळ आहे. यांना सोबत होते.

तुमचे थेंब वेळेवर घाला.

वहिनी

१३ मार्च

वहिनी,

एक्स्चेंजमध्ये मला एक कला साधली होती. माणूस "सगळं ठीक आहे" कसं म्हणतो त्यावरून मी लाइन लवकर तोडायची की नाही ते ठरवायची. कागदावरही ऐकू येतं बरं.

पुलाचा कठडा जवळ आहे, हे ज्याला दिसतं त्याला सांगावं लागत नाही.

मी मंगळवारी छोटूला फोन केला. मी स्वतः. त्यावरून समज. म्हणाला, "ताई, तुझं खूळ तू वहिनीच्या डोक्यात घालू नकोस." मी म्हटलं, "गाडीच्या समोरच्या काचेकडे बघ आणि नजर न हलवता सांग, तुझ्या उजव्या हाताला काय आहे." मग म्हणाला, "रेंज नाहीये," आणि ठेवला.

गाडी जिथं आहे तिथं उभी करा. इकडे या. वरची खोली रिकामी आहे. नाही आलात तर मी परिवहन कार्यालयाला लिहीन, सख्खा भाऊ असला तरी. तो एकटा नसतो रस्त्यावर.

ताई

२२ मार्च

प्रिय ताई,

खोटं लिहिलं होतं. तुमच्याशी खोटं बोलायची ही माझी पहिलीच वेळ आणि तीही जमली नाही.

तळ्याकाठी खुर्च्या टाकल्या होत्या, तिथंच केलं. माझा हात कानामागून गालाशी आला, गालावरून जवळपास नाकापर्यंत आला, तरी हे माझ्याकडे बघत होते आणि विचारत होते, "आणतेस ना हात?" उजवीकडे थोडं बरं आहे. डावीकडे काहीच नाही. मला तिथं रडू आलं. यांना नाही आलं. हे म्हणाले, "मला वर्षभर माहीत आहे."

मग बोलले, ताई. कधी बोलत नाहीत एवढं बोलले. "घरी बसलो की खोली आणि खुर्ची. बाबा कसे बसायचे आठवतंय मला, भिंतीकडे तोंड करून, कोणी आलं की चुकीच्या दिशेला हसायचे. एवढा उन्हाळा मला दे. समुद्रापर्यंत जाऊ, परत येऊ, मग किल्ली तुझ्या हातात देईन. तू आहेस ना शेजारी."

मी हो म्हटलं. तुम्ही रागवाल. पण खरं सांगू का, मला बरंही वाटलं. इतक्या वर्षांत यांना माझी अशी गरज कधी पडली नव्हती. आता मी बोलते तशी गाडी चालते. मी "सावकाश" म्हटलं की सावकाश. संध्याकाळी अंग मोडून येतं, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, पण आम्ही दोघं मिळून एक धड ड्रायव्हर आहोत.

कार्यालयाला लिहू नका. हात जोडते. एवढा उन्हाळा.

वहिनी

३० मार्च

वहिनी,

पाकिटावर पत्ता लिहून झाला होता. कार्यालयाचा. ते ड्रॉवरमध्ये टाकलं.

बाबांचं तू लिहिलंस आणि माझा हात अडला. मीच त्यांना जेवायला वाढायचे.

ऐक मग. उजाडल्यावर निघायचं, ऊन तिरकं व्हायच्या आत थांबायचं. मोठ्या रस्त्यावर नाही, बाजारातून नाही. पहिल्या शहरात डोळ्यांच्या डॉक्टरकडे. आणि तू जागेवर नसशील तर गाडी हलता कामा नये, घोटभर पाण्यापुरतीसुद्धा नाही. हे त्याला माझ्या नावानं सांग.

मला हे पटलेलं नाही. तरी गप्प बसतेय, हे लक्षात ठेव.

ताई

२६ एप्रिल

प्रिय ताई,

उशीर झाला. मला ताप होता, आता उतरला.

आम्ही रस्ता बदललाय. समुद्राकडे नाही गेलो. उलट्या बाजूला, टेकड्यांच्या भागात आलो आहोत, इथं हवा थंड आहे. गाडी एका बंद पडलेल्या गिरणीच्या आवारात उभी आहे, चार दिवस हललेली नाही.

गाडीला थोडं खरचटलंय. मी तापात मागे पडून होते. औषध संपलं होतं, पुढचं गाव जवळच होतं, म्हणून हे एकटेच निघाले. ऊन उतरलं होतं. वाटेत फांदी लागली. डाव्या अंगाला, खालून, धप्प असं, आणि मग काहीतरी घासत गेल्यासारखं. मी विचारलं, काय झालं. हे म्हणाले, "फांदी." तिथं झाडं फार नव्हती, पण एखादी फांदी पडलेली असतेच रस्त्यात.

डाव्या दारावर निळा रंग लागलाय. घासला तरी जात नाही.

तुमच्याकडे पेपरात त्या भागातल्या बातम्या येतात का? सहज विचारलं.

वहिनी

३ मे

वहिनी,

पेपरात नाही आलं. आपल्या पेपरात तिकडचं कशाला येईल.

फांदीला निळा रंग नसतो. तुला हे माहीत आहे, म्हणूनच तू मला लिहिलंस. नसतं लिहायचं तर नुसतं खरचटलं म्हणाली असतीस.

मी दोन दिवस हे पत्र लिहीत होते. आधी लिहिलं, विसरून जा. फाडलं. मग छोटूला शिव्या लिहिल्या. तेही फाडलं. त्या ड्रॉवरमधलं पाकीट अजून तिथंच आहे, मी रोज ते बघते.

परत जा. त्याला घेऊन नाही, एकटी, एसटीनं. जागा बघून ये. खांब असेल, कोणाची हातगाडी असेल, तर देवाचे आभार मानू आणि हा विषय मी पुन्हा काढणार नाही. पण बघितल्याशिवाय तुला जेवण जाणार नाही आणि मलाही.

त्याला विचारून जाऊ नकोस. सांगून जा.

ताई

१५ मे

ताई,

गेले होते.

मी यांना सांगितलं, जाऊन येते. "कुठे" असं यांनी विचारलं नाही. वरच्या फळीवरून माझी छत्री काढून दिली.

जागा ओळखायला वेळ लागला नाही. वळण आहे, डाव्या हाताला चर, पलीकडे रोपवाटिकेची जाळी. चरात मातीचे चौकोनी गोळे पडले होते, त्यांत वाळलेली रोपं. टोमॅटोची असावीत. मी खाली उतरून एक उचललं. तेवढ्यात जाळीपलीकडून एक मुलगी आली, विशीतली, हात मातीनं भरलेले. म्हणाली, "ते राहू द्या तिथंच."

मी म्हटलं, "कोणाची आहेत?"

"आईनं घरी लावायला घेतली होती. सायकलच्या कॅरिअरवर ट्रे होता. चढ आहे म्हणून सायकल हातात धरून चालत यायची ती."

सायकल कुठल्या रंगाची, हे मी विचारलं नाही. जाळीला टेकवून ठेवलेली होती, निळी, पुढचं चाक दुमडलेलं.

तिनं आपणहून सांगितलं. बोलायला माणूस हवं होतं तिला. संध्याकाळी आई आली नाही, तिला वाटलं मावशीकडे थांबली असेल, ती अधूनमधून थांबायची. सकाळी दूधवाल्याला दिसली. तोवर शुद्धीत होती. रात्रभर तिथं होती, ताई. हॉस्पिटलात दोन दिवस काढले. डॉक्टर म्हणाले, मार एवढा नव्हता, रक्त वाहत राहिलं आणि अंग गार पडत गेलं. वेळेत आणलं असतं तर.

मुलगी म्हणाली, "कोणी थांबलं असतं तर." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही कोणाकडे आलात?"

मी म्हटलं, "तुझ्याकडेच."

पुढचं लिहिता येत नाही. मी सांगितलं तिला. ती ओरडली नाही. जाळीआड गेली आणि पाण्याचा पाइप चालू करून झाडांना पाणी घालत बसली, माझ्याकडे पाठ करून. मी बराच वेळ उभी होते. मग चालत चौकीवर गेले. तिथल्या साहेबांनी बसायला खुर्ची दिली आणि सगळं दोनदा सांगायला लावलं. म्हणाले, उद्या यजमानांना घेऊन या, नाहीतर आम्ही येतो.

गिरणीत परतले तेव्हा हे पायरीवर बसले होते. मी म्हटलं, "फांदी नव्हती."

"मला वाटलंच होतं."

"मग थांबला का नाहीत?"

हे हाताच्या रेषांकडे बघत म्हणाले, "थांबलो असतो तर उतरून बघावं लागलं असतं."

मी या माणसाच्या ताटात इतकी वर्षं वाढलंय. त्या क्षणी मला हा कोण आहे ते कळेना. आणि मग मनात आलं, मी तरी कुठे थांबा म्हटलं.

सकाळी यांनी दाढी केली, डेपोचा जुना कोट घातला. आम्ही एसटीनं गेलो. हे खिडकीशी बसले होते, पण बाहेर बघत नव्हते. चौकीच्या दारात चौकट खांद्याला लागली. यांना आत ठेवून घेतलंय. माझाही जबाब झाला, मला सध्या बाहेर ठेवलंय, बोलावतील तेव्हा हजर राहायचं. गाडी पोलिसांनी आणून चौकीच्या मागच्या आवारात लावली. पंचनामा झाला, आता मी तीतच राहते, साहेबांनी राहू दिलंय.

वहिनी

२३ मे

वहिनी,

मी येतेय. गाडीत दोघी मावू ना? नाही मावलो तर मी खुर्चीत बसेन.

शेजारच्या मास्तरांना सांगितलंय, ते मला एसटीत बसवून देतील आणि कंडक्टरला सांगतील. ड्रॉवरमधलं पाकीट घेतलंय बरोबर. मी त्या साहेबांना ते देणार आहे आणि सांगणार आहे की मला मार्चपासून माहीत होतं. त्यानं छोटूची शिक्षा कमी होणार नाही, वाढेल कदाचित. कुठलाही शहाणा वकील म्हणेल, गप्प बसा म्हातारबाई. मी एकदा बसले.

त्याला भेटू देतात का? भेटलीस तर सांग, ताई येतेय. तो रडला तर रडू दे. तू त्याच्याशी कसं वागायचं ते तू ठरव. मी बहीण आहे म्हणून तुला काही सांगणार नाही.

शनिवारी पोचते.

ताई

२८ मे

प्रिय ताई,

हे पत्र तुम्हाला घरी मिळणार नाही, तुम्ही निघालेल्या असाल. तुमच्या हातातच देईन. तोंडानं सांगता येणार नाही म्हणून लिहितेय.

काल दुपारी ती मुलगी आली. चौकीत तिला सही करायला बोलावलं होतं. मी गाडीच्या पायरीवर तांदूळ निवडत होते. ती समोर उभी राहिली आणि म्हणाली, "मला आतून बघायचीय."

मी बाजूला झाले. ती आत चढली. ओटा बघितला, शेगडी बघितली, पडद्याला हात लावला. मला वाटलं, आता काहीतरी फेकेल. फेकलं असतं तर बरं वाटलं असतं. मग तिनं विचारलं, "त्या दिवशी तुम्ही कुठे होता?"

मी पलंग दाखवला. "ताप होता मला."

"कशा झोपला होता?"

मी सांगितलं, डाव्या कुशीवर, भिंतीकडे तोंड करून. तिनं चपला काढल्या, नीट बाजूला ठेवल्या आणि पलंगावर तशीच आडवी झाली. डाव्या कुशीवर. गुडघे पोटाशी घेऊन. कान पत्र्याला लागला तिचा. बाहेरून कोणीतरी बादली ओढत नेत होतं. ती ऐकत होती. मी ओट्याशी उभी होते, मला हलता येईना.

ती भिंतीकडेच बघत म्हणाली, "इथं सगळं ऐकू येतं."

मी हो म्हटलं.

"तिनं हाक मारली होती?"

ताई, हे मी तुम्हाला लिहिलं नव्हतं. साहेबांना सांगितलं नव्हतं. यांना विचारलं नव्हतं. माझं मलाही मी म्हटलं नव्हतं, ताप होता, तापात कानात काहीबाही वाजतं.

"हो," मी म्हटलं. "एकदा."

ती उठली. चपला घातल्या. पलंगावरची चादर तिच्या अंगानं चुरगळली होती, ती तिनं हातानं सारखी केली. मग उतरून गेली, मागे वळून बघितलं नाही.

उद्या चौकीत हेही लिहून देणार आहे. तुम्ही तुमचं पाकीट द्याल तेव्हा माझं हे आधी देऊ, मग तुमचं. तुम्ही आलात की लगेच जाऊ. चहासुद्धा नंतर.

तुमची,
वहिनी